चेहऱ्याच्या कळेचं ऑपरेशन ठरलंय? नसांच्या मॉनिटरिंगबद्दल आधी एवढं समजून घ्या

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या कळेचं, ऑपरेशन ठरलं की 'न्यूरोमॉनिटरिंग' हा शब्द कुठेतरी भेटतोच. कधी सर्जन बोलता बोलता सांगतात, कधी तो कन्सेंट फॉर्मवर असतो, तर कधी बिलाच्या अंदाजपत्रकात एक वेगळी ओळ म्हणून येतो. घरच्यांची अवस्था आधीच बिकट असते. पेशंटला घास गिळवत नसतो, त्यात मेंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलेलं असतं. अशा वेळी हा शब्द विचारायचा राहून जातो, किंवा "असेल काहीतरी मशीन" म्हणून सोडून दिला जातो.

ऑपरेशन चालू असताना आसपासच्या नसा नीट काम करताहेत ना, हे ते मशीन दाखवतं. मुंबईतल्या ऑपरेशन थिएटरांमध्ये त्याच्यासमोर बसणं हे माझं काम आहे. पेशंट मला ओळखत नाहीत, कारण मी दिसेपर्यंत त्यांना भूल दिलेली असते. पण ऑपरेशनआधी चार गोष्टी पेशंटला आणि नातेवाइकांना माहीत असल्या की आमचं काम खूप सोपं होतं आणि पेशंटचा कान जास्त सुरक्षित राहतो. कान म्हणतेय, चेहरा नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पहिली पायरी: दुखणं नक्की तेच आहे ना, याची खात्री

या आजाराची कळ ओळखू येते. गालात, हिरडीत, ओठाच्या कडेला किंवा कपाळात, बहुतेक वेळा एकाच बाजूला, करंट बसावा तशी सणक येते. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं टिकते आणि जाते. मग पुन्हा येते. दात घासताना, चावताना, बोलताना, दाढी करताना, तोंडावर पाणी मारताना. विरार फास्टच्या दारातला वारा गालाला लागला तरी पुरतो. डोंबिवलीच्या एक काकू ओपीडीत भर मे महिन्यात ओढणीने अर्धा चेहरा बांधून बसल्या होत्या. डॉक्टरांशी बोलताना ओठ हलू नयेत म्हणून त्या दातावर दात ठेवून उत्तरं देत होत्या. हे दुखणं ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

चेहऱ्याला संवेदना देणारी पाचवी मेंदूनस, म्हणजे ट्रायजेमिनल, तिच्या तीन फांद्या कपाळ, गाल आणि जबडा अशा वाटून घेतात. जबड्याच्या किंवा गालाच्या फांदीत कळ आली की ती दाढेतून आल्यासारखीच वाटते. त्यामुळे डेंटिस्टकडे जाऊन एकामागून एक चांगल्या दाढा काढून बसलेले पेशंट आम्हाला नेहमी दिसतात. दाढ काढूनही तीच सणक तशीच येत असेल, तर पुढची दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

सुरुवात गोळ्यांनीच होते. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन ही पहिल्या पसंतीची औषधं, आणि सुरुवातीला बहुतेकांना त्यांनी आराम पडतो. गोळ्या घेताना रक्तातलं सोडियम आणि पेशींची संख्या मधूनमधून तपासून घ्यायची. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, वाट बघायची नाही. डोस वाढवत नेऊनही कळ आटोक्यात येत नाही, किंवा गोळ्यांनी इतकी गुंगी येते की उभं राहिलं तरी तोल जातो, तेव्हा ऑपरेशनचा विषय निघतो.

त्याआधी एमआरआय लागतो, आणि तो साधा नको. नस आणि रक्तवाहिनी बारकाईने दाखवणारा सिस किंवा फिएस्टा नावाचा सीक्वेन्स त्यात हवा. चिठ्ठीवर तो लिहिलेला नसेल तर सेंटरवर जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर पुन्हा पैसे आणि पुन्हा रांग. याच तपासणीत गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखं दुसरं कारण नाही ना, तेही कळतं. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. सर्जनला सीडीच उपयोगी पडते.

दुसरी पायरी: ऑपरेशनमध्ये काय करतात

मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन असं लांबलचक नाव आहे, सगळे एमव्हीडी म्हणतात. ट्रायजेमिनल नस मेंदूस्तंभाजवळ जिथे आत शिरते, तिथे एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते आणि तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नस घासली जाते. बहुतेक वेळा ही वाहिनी म्हणजे लहान मेंदूला रक्त देणारी वरची धमनी, सुपीरियर सेरेबेलर आर्टरी. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकातच हे पाहिलं होतं. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात ऑपरेटिंग मायक्रोस्कोप वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली. कानामागे छोटा छेद घेतात, हाडात नाण्याएवढी खिडकी करतात, वाहिनी अलगद बाजूला सारतात आणि ती पुन्हा नसेवर येऊ नये म्हणून मध्ये टेफ्लॉनचा बारीक बोळा ठेवतात. नस कापत नाहीत.

जॅनेटांच्या पिट्सबर्गमधल्या टीमने ११८५ पेशंटांचा अनुभव १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर दहा वर्षांनी ७० टक्के पेशंट गोळ्यांशिवाय कळमुक्त होते. त्याच पाहणीत सुमारे १ टक्का पेशंटांना त्या बाजूच्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं.

मॉनिटरिंगचं मूळ त्या एक टक्क्यात आहे. ट्रायजेमिनल नसेपर्यंत जायची वाट श्रवणाच्या आठव्या नसेच्या अगदी शेजारून जाते. नस दिसावी म्हणून लहान मेंदू थोडा बाजूला धरावा लागतो, आणि त्या ओढीने आठवी नस ताणली जाऊ शकते. तिच्या लगतच सातवी नस असते, डोळा मिटणारी, ओठ हलवणारी. दुखतं पाचव्या नसेला, पण ऑपरेशनमध्ये राखण करायची ती शेजारणींची.

तिसरी पायरी: मशीन काय बघतं आणि काय बघत नाही

मुख्य तपासणी श्रवणाची. तिला बीएईपी किंवा बेरा म्हणतात. त्या बाजूच्या कानात फोमचं बारीक इअरफोन बसवतात आणि त्यातून सेकंदाला दहाच्या आसपास टिकटिक आवाज सोडत राहतात. दुसऱ्या कानात सतत फुसफुस आवाज देतात, म्हणजे टिकटिक तिकडे जाऊन गोंधळ नको. प्रत्येक टिकटिकीला श्रवणाची नस आणि मेंदूस्तंभ अगदी क्षीण विद्युत उत्तर देतात. एका टिकटिकीचं उत्तर मेंदूच्या बाकी गोंगाटात हरवून जातं. दादरच्या पुलावर ऐन गर्दीत एकच माणूस तेच वाक्य शेकडो वेळा बोलत राहिला, तर शेवटी ते कळतं, तसं मशीन हजारभर उत्तरांची सरासरी काढतं आणि मग स्क्रीनवर पाच लाटा उमटतात. पहिली लाट कानाजवळच्या नसेतून येते. पाचवी लाट मेंदूस्तंभात वर, टिकटिकीनंतर साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांनी. आमची नजर त्या पाचव्या लाटेवर खिळलेली असते. ती १ मिलिसेकंदाने लांबली किंवा तिची उंची निम्म्यावर आली की साधारणपणे धोका मानतात. बऱ्याच टीम त्याच्या कितीतरी आधी, अर्ध्या मिलिसेकंदालाच, सर्जनला सांगायला लागतात.

दुसरी तपासणी ईएमजी. डोळ्याभोवती, ओठाजवळ, हनुवटीत आणि चावण्याच्या मॅसेटर स्नायूत केसासारख्या बारीक सुया बसवतात. सातव्या नसेला किंवा पाचव्या नसेच्या चावणाऱ्या भागाला धक्का लागला की तो स्नायू थरथरतो, आणि मशीनच्या स्पीकरमधून फटफट आवाज येतो. हा आवाज सर्जनलाही थेट ऐकू येतो. काही ठिकाणी हातापायांच्या नसांच्या मार्गावरही लक्ष ठेवतात.

आता जे बघता येत नाही ते. ट्रायजेमिनल नसेची संवेदना, म्हणजे गाल नंतर बधिर होईल का, हे भूल दिलेल्या पेशंटमध्ये नेमकं सांगणारी रोजच्या वापरातली तपासणी नाही. आणि कळ जाईल की नाही, हे तर मशीन सांगूच शकत नाही. इथे अनेकांचा घोळ होतो, कारण चेहऱ्याचा अर्धा भाग फडफडणारा एक शेजारचा आजार आहे, हेमिफेशियल स्पॅझम. त्याच्या ऑपरेशनमध्ये वाहिनी दूर झाली की एक विशिष्ट सिग्नल तिथल्या तिथे नाहीसा होतो आणि काम झाल्याचं स्क्रीनवरच दिसतं. कळेच्या ऑपरेशनमध्ये तशी पावती मिळत नाही. तिथे सर्जनच्या डोळ्यांवर आणि अनुभवावरच भिस्त असते.

"ताई, मशीन लावलंय म्हणजे कानाला काही होणार नाही ना?" असं नातेवाईक विचारतात. उत्तर प्रामाणिक द्यायला हवं. नस हळूहळू ताणली जात असेल तर मशीन वेळेत सांगतं, आणि बहुतेक वेळा ते सुधारता येतं. पण आतल्या कानाला रक्त देणारी बारीक धमनी अचानक आकसली तर लाटा एकदम जातात, आणि सगळं करूनही कधी कधी परत येत नाहीत. धोका कमी होतो, शून्य होत नाही.

मध्येच एक: एमव्हीडी नसेल तर?

वय जास्त आहे, हृदय किंवा फुप्फुसं भूल पेलणार नाहीत, तर सुईने करायचे उपचार असतात. आरएफमध्ये, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सीमध्ये, गालातून सुई कवटीच्या तळाच्या छिद्रात नेतात आणि नसेचा ठरावीक भाग तापवतात. इथे नसांची तपासणी वेगळ्याच तऱ्हेने होते: पेशंटला मध्येच जागं करतात, सुईतून अगदी थोडा करंट देतात आणि विचारतात, मुंग्या कुठे येतात? नेहमी कळ येते तिथेच मुंग्या आल्या तरच पुढे जातात. म्हणून आरएफ ठरला असेल तर पेशंटने आधीच आरशासमोर उभं राहून बोटाने जागा नीट पाहून ठेवावी, आणि अर्धवट झोपेतही "डोळ्याकडे जातंय" की "ओठाकडे" एवढं सांगता यावं. घरच्यांनी त्याच्याकडून हे दोन-तीनदा म्हणवून घेतलं तरी चालेल. बलूनच्या उपचारात बारीक फुग्याने नस दाबतात. त्यात पेशंट झोपेतच असतो आणि तिथे मुख्य लक्ष हृदयाच्या ठोक्यांवर असतं, कारण नस दाबली की नाडी एकदम मंदावू शकते. गॅमा नाइफ म्हणजे बाहेरून नसेवर किरणांचा नेमका मारा. त्यात चिरफाड नाही, आमचं मशीनही नाही. मुंबईत माहीमच्या हिंदुजामध्ये ती सोय आहे. मात्र त्याचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने जातात.

चौथी पायरी: कुठे, आणि काय विचारायचं

मुंबईत न्यूरोसर्जरीची कमतरता नाही. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे ही सरकारी-पालिकेची हॉस्पिटलं, आणि बॉम्बे हॉस्पिटल, जसलोक, हिंदुजा, कोकिळाबेन अशी मोठी खासगी. नाव मोठं आहे म्हणून तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मॉनिटरिंग असेलच असं धरून चालू नका. पालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपर काढून, सकाळपासून ओपीडीच्या बाकावर बसून डॉक्टरांसमोर जेमतेम पाच मिनिटं मिळतात, हे मला माहीत आहे. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या.

पहिला प्रश्न: तुम्ही या आजारासाठी एमव्हीडी नियमित करता का? दुसरा: बेरा आणि ईएमजी, दोन्ही लावणार का? तिसरा, जो कोणी विचारत नाही आणि जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: मशीनवर कोण बसणार, आणि ती व्यक्ती ऑपरेशन संपेपर्यंत तिथेच असणार का? मशीन हॉस्पिटलचं असो की बाहेरून भाड्याने आणलेलं, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो लाट लांबल्याचं मोठ्याने सांगणारा माणूस आणि ते ऐकून हात थांबवणारा सर्जन यांच्यात बोलणं आहे की नाही, याने. दोघांनी एकत्र बरंच काम केलेलं असेल तर उत्तम. अहवाल दुसऱ्या दिवशी कागदावर देऊन काही उपयोग नसतो, कारण नस वाचवायची ती लाट लांबते त्या मोजक्या मिनिटांत.

प्रश्न विचारल्याचा कुठल्याही चांगल्या सर्जनला राग येत नाही. काही सर्जन मॉनिटरिंगशिवायही हे ऑपरेशन उत्तम करतात आणि त्याची कारणं सांगतात. ती ऐका. मॉनिटरिंग नाही एवढ्याच कारणावरून अनुभवी हात सोडून नवख्या हाताकडे जाऊ नका.

पाचवी पायरी: पैशाची बाजू

मॉनिटरिंगचा खर्च बहुतेक ठिकाणी वेगळा लावतात, पॅकेजच्या बाहेर. म्हणून अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात तो धरलाय का, ते बघा.

मेडिक्लेम असेल तर हे लक्षात ठेवा: विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत काही आधुनिक उपचारांची यादी दिली, जे पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. त्या यादीत ऑपरेशनमधलं न्यूरोमॉनिटरिंग नाव घेऊन आहे, आणि स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरीही, म्हणजे गॅमा नाइफसारखे उपचारही, आहे. कंपनी या उपचारांवर रकमेची मर्यादा घालू शकते, तेव्हा पॉलिसीत ती ओळ शोधा. कॅशलेससाठी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे, जाणाऱ्या पत्रात मॉनिटरिंगचा उल्लेख सर्जनकडून आधीच करून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर उभं राहून हे सिद्ध करणं फार जड जातं.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि मॉनिटरिंग त्यात येतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. धर्मादाय न्यासाखाली चालणाऱ्या खासगी हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला वेळ जातो, म्हणून तारीख मिळायची वाट न बघता आधीच अर्ज करा. पालिकेच्या हॉस्पिटलात समाजसेवा विभागात जा. तिथली माणसं ट्रस्टांची नावं आणि अर्ज दोन्ही देतात.

सहावी पायरी: ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. दोन्ही कानांचा. हे राहून गेलं तर नंतर कानाची तक्रार आली तरी आधी किती ऐकू येत होतं हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय त्या कानाने आधीपासून फार कमी ऐकू येत असेल तर लाटा मुळातच नीट येत नाहीत, आणि ते आम्हाला त्या सकाळी टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

त्याच वेळी ईएनटीकडून कान बघून घ्या. कानात मळ घट्ट बसलेला असेल तर टिकटिक पडद्यापर्यंत पोहोचतच नाही आणि लाटा चपट्या येतात. मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्या, घरी हेअरपिन किंवा इअरबडने नको. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, लहानपणी कानाचं ऑपरेशन झालं असेल तर सांगा. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात क्लिप किंवा शंट, फिट्स येण्याचा इतिहास, यातलं काहीही असेल तरी सांगा.

गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाच्या हातात द्या. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे ते ठरवतील. कार्बामाझेपिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. ती एकदम थांबवली की कळ उसळते. ऑपरेशनच्या सकाळचा डोस घोटभर पाण्याबरोबर घ्यायचा का, हे विचारून लिहून ठेवा. या गोळ्यांचा भुलेशीही संबंध आहे: बरेच दिवस घेतल्या की स्नायू सैल करणारी औषधं अंगात लवकर उतरतात, म्हणून डोस नेमका सांगा. ईएमजीसाठी तर स्नायू जागे असावेच लागतात. श्वासनळीत नळी घालताना स्नायू सैल करणारं औषध देतात, पण नंतर त्याचा असर उतरू द्यावा लागतो, आणि हे भूलतज्ज्ञ आणि आम्ही आधीच बोलून ठरवतो.

सातवी पायरी: आदली रात्र आणि ती सकाळ

आदल्या दिवशी डोक्यावरून नीट न्हाऊन घ्या. तेल लावू नका. खोबरेल चोपडलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, सिग्नलमध्ये खरखर येते आणि मग आम्हाला स्पिरिटने पुसत बसावं लागतं. चेहऱ्याला क्रीम, पावडर, काजळ काही नको. नथ, चमकी, कुड्या, मंगळसूत्र सगळं काढून घरच्यांकडे द्या. कुडी वर्षानुवर्षं काढलेली नसेल तर ती आदल्या दिवशीच सोनाराकडून काढून आणा, सकाळी वॉर्डात ती निघता निघत नाही. नेलपॉलिश पुसा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. श्रवणयंत्र असेल तर ते आत जाईपर्यंत कानात असू द्या, म्हणजे भूलतज्ज्ञाचं बोलणं ऐकू येईल.

केस कानामागच्या पट्ट्यापुरतेच काढतात, सगळं डोकं भादरत नाहीत. बायकांना याची फार धास्ती असते, म्हणून मुद्दाम सांगते.

कन्सेंट फॉर्मवर बाजू वाचा. डावी की उजवी, अक्षरात लिहिलेली हवी आणि पेशंट स्वतः ज्या गालाला हात लावतो तीच हवी.

आत काय चालतं

बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत नेलं की लगेच ऑपरेशन सुरू. तसं होत नाही. भूल, मग सुया आणि इअरफोन बसवणं, इअरफोनवर पाणी जाऊ नये म्हणून कान चिकटपट्टीने बंद करणं, पेशंटला कुशीवर वळवणं, डोकं तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये धरणं, आणि मग पहिल्या लाटा घेऊन ठेवणं. पुढची सगळी तुलना त्या पहिल्या लाटांशी करायची असते. यात तास-दीड तास सहज जातो. बोर्डावर दोन तासांनीही 'ऑपरेशन चालू' दिसलं तर काळजी करू नका. ड्रिल चालू असताना आमच्या लाटा बिघडतात, तेव्हा आम्ही थांबतो.

मग आवरण उघडतात, मेंदूभोवतीचं पाणी हळूहळू वाहू देतात, लहान मेंदू आपसूक सैल होतो. मायक्रोस्कोप आत येतो. थिएटरमध्ये बोलणं कमी होतं. माझ्या स्क्रीनवर मिनिट-दीड मिनिटाला एक नवी रेषा आधीच्या रेषेखाली येऊन बसते, आणि पाचव्या लाटांचे उंचवटे एकाखाली एक सरळ रांगेत दिसतात. मग कधी तरी ती रांग उजवीकडे झुकायला लागते. "सर, पाच लांबतेय. शून्य पॉइंट सहा." सर्जन हात थांबवतात. लहान मेंदू बाजूला धरणारा रिट्रॅक्टर किंचित मागे घेतात, किंवा काढूनच टाकतात. सिस्टर कोमट सलाईनची सिरिंज पुढे करतात, कारण थंड पाण्यानेही लाट लांबते. भूलतज्ज्ञ ब्लड प्रेशर बघतात आणि पडलं असेल तर वर आणतात. धमनी आकसल्याचा संशय असेल तर तिच्यावर पापाव्हेरिनचे थेंब टाकतात. पुढची रेषा यायला मिनिट लागतं आणि त्या मिनिटात कुणी घाई करत नाही. "पॉइंट चार." अजून एक रेषा. "पॉइंट दोन, परत येतेय." मग काम पुढे सरकतं.

ऑपरेशननंतर

पहिली रात्र साधारणपणे आयसीयूत जाते. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर हे अपेक्षित आहे. चेहऱ्यावर सुयांचे ठिपके, एखादा निळा डाग दिसेल, तो विरतो. कळ बहुतेकांची शुद्धीवर येताच गेलेली असते, काहींची थोडे दिवस रेंगाळते. म्हणून गोळ्या एका दिवसात फेकून द्यायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा उतरवायच्या.

त्या बाजूचा कान दडा बसल्यासारखा वाटला तर घाबरू नका. हाडाच्या पोकळ्यांत आणि मधल्या कानात पाणी शिरल्याने असं होतं आणि बरेचदा आपोआप ओसरतं. पण तसं वाटतंय हे राउंडला सांगा, आणि पुन्हा ऑडिओग्राम कधी करायचा ते विचारून घ्या. आधीचा रिपोर्ट तेव्हाच कामाला येतो.

घरी गेल्यावर जखमेतून किंवा नाकातून स्वच्छ पाणी गळायला लागलं, पुढे वाकल्यावर ते वाढलं, ताप आला, मान आखडली, तर सर्दी समजून घरगुती काढे घेत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. काही दिवसांनंतर अचानक तोंड वाकडं झालं किंवा डोळा मिटेनासा झाला तर तेही लगेच दाखवा. उशिरा आलेला असा कमकुवतपणा बहुतेक वेळा भरून येतो, पण तोवर उघड्या डोळ्याला जपावं लागतं.

डिस्चार्ज घेताना मॉनिटरिंगचा अहवाल मागून घ्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या लाटा त्यात असतात, मध्ये काही बिघडलं असेल तर तेही लिहिलेलं असतं. तो एमआरआयची सीडी, दोन्ही ऑडिओग्राम आणि ऑपरेशन नोट यांच्यासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. कळ काही वर्षांनी परत आली आणि दुसरा सर्जन दुसऱ्यांदा आत जायचं म्हणाला, तर या कानाची नस मागच्या वेळी कुठल्या क्षणी कुरकुरली होती, हे त्याला त्या कागदावरूनच कळेल.